तेलाच्या वाटा शोधणारा माणूस : एम. किंग हबर्ट



गेल्या गणेशोत्सवातली गोष्ट. आरती झाली, महाप्रसादाची रांग लागली आणि हातात कागदी ताटली घेऊन उभे असताना आमच्या पुढच्या काकांनी मागे वळून एक प्रश्न टाकला. त्यांच्या मुलाला पेट्रोलियम इंजिनिअरिंगला प्रवेश मिळत होता. घ्यावा की न घ्यावा? मुळात जमिनीतले तेल अजून किती वर्षे पुरणार आहे? आम्ही इथे ह्यूस्टनमध्ये तेलवाल्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो, तेव्हा आम्हाला हे ठाऊक असणारच, असा काकांचा समज. आम्ही मसालेभाताकडे बघत काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले आणि वेळ मारून नेली.

घरी येताना मात्र चुटपुट लागून राहिली. कारण हा प्रश्न आमच्याही घरात अधूनमधून येऊन बसतो. २० एप्रिल २०२० या दिवशी अमेरिकन कच्च्या तेलाचा वायदेभाव शून्याखाली, उणे ३७ डॉलर ६३ सेंटपर्यंत घसरला होता. तो आकडा स्क्रीनवर बघताना आम्हाला आधी वाटले, आमच्याच प्रोग्रॅममध्ये बग आहे! पुढच्या काही महिन्यांत आमची टीम निम्मी झाली. एच-वनवर असलेल्या आमच्या एका मित्राला दुसरी नोकरी शोधायला फक्त ६० दिवस होते. ते संपायच्या आत तो बायकोमुलांसह पुण्याला परतला. त्याचा सोफा अजून आमच्या घरात आहे. तेल आहे की संपले, महाग की स्वस्त, यावर आपल्यापैकी कितीतरी घरांचे गणित चालते, हे इथे राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

तर काकांना नीट उत्तर द्यायचे म्हणून आम्ही एका माणसाचे चरित्र वाचायला घेतले. त्याची आमची ओळख तशी जुनी, पण अर्धवट. आमच्या कोडमध्ये एक छोटेसे फंक्शन आहे. खडकातल्या कुठल्याही बिंदूची उंची, तिथला दाब आणि द्रवाची घनता दिली की ते एक आकडा परत करते आणि त्या आकड्यावरून तेल कुठल्या दिशेने सरकेल हे ठरते. या फंक्शनच्या वर कॉमेंटमध्ये एकच नाव लिहिलेले आहे : हबर्ट. कितीतरी वर्षे आम्ही ते नाव ओलांडून पुढे जात होतो.

मॅरियन किंग हबर्ट यांचा जन्म ५ ऑक्टोबर १९०३ रोजी टेक्सासमधल्या सॅन साबा इथे, म्हणजे ऑस्टिनच्या वायव्येला, एका शेतकरी कुटुंबात झाला. त्यांच्या जन्माआधी दोनच वर्षे, जानेवारी १९०१ मध्ये, बोमाँटजवळ स्पिंडलटॉपची विहीर उसळली होती आणि टेक्सासला तेलाचे वेड लागले होते. पण सॅन साबाच्या शेतात त्या पैशाचे शिंतोडे उडाले नव्हते. वेदरफर्ड नावाच्या छोट्या कॉलेजात दोन वर्षे काढल्यावर या मुलाने शिकागो विद्यापीठाचा ध्यास घेतला. खिशात पैसे नव्हते. मग गव्हाच्या कापणीवर आणि रेल्वेच्या रुळांवर मजुरी करत करत स्वारी उत्तरेकडे सरकली आणि शिकागोला पोचली. आपण निदान विमानाने आलो!

शिकागोत त्यांनी भूगर्भशास्त्र आणि भौतिकशास्त्र दोन्ही घेतले, जोडीला गणित. त्या काळी हे जरा विचित्रच मानले जाई. भूगर्भशास्त्रज्ञ म्हणजे हातोडी घेऊन डोंगर चढणारा, नकाशे रंगवणारा माणूस. समीकरणांशी त्याचा संबंध काय? हबर्ट यांना नेमके हेच खटकत असे. पृथ्वी जर पदार्थांचीच बनलेली आहे, तर तिला न्यूटनचे नियम का लागू होऊ नयेत, हा त्यांचा साधा हट्ट होता. १९२६ मध्ये ते पदवीधर झाले, १९२८ मध्ये एम.एस. झाले, मधल्या काळात ओक्लाहोमातल्या टल्सा इथे एका तेल कंपनीत काम करून आले आणि १९३१ पासून न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात भूभौतिकी शिकवू लागले.

ते दिवस महामंदीचे. एकीकडे अन्नधान्य पडून आहे, दुसरीकडे माणसे सूपच्या रांगेत उभी आहेत, हे बघून हबर्ट अस्वस्थ झाले आणि हॉवर्ड स्कॉट या गृहस्थांबरोबर टेक्नॉक्रसी नावाच्या चळवळीत पडले. समाजाचा कारभार राजकारणी आणि सावकारांऐवजी शास्त्रज्ञ आणि इंजिनिअरांनी चालवावा, पैशाऐवजी ऊर्जेचा हिशेब ठेवावा, असे या मंडळींचे म्हणणे होते. आम्हा इंजिनिअरांना ही कल्पना ऐकायला गोड वाटते खरी, पण आमच्या मंडळाची कार्यकारिणीची सभा एकदा बघितली की इंजिनिअरांच्या हाती जग देण्याचा मोह उतरतो! चळवळ पुढे विरली. दुसऱ्या महायुद्धात सरकारी नोकरीत असताना या जुन्या सहभागाबद्दल त्यांना चौकशीलाही तोंड द्यावे लागले. ऊर्जेचा हिशेब ठेवण्याची सवय मात्र जन्मभर टिकली.

याच काळात त्यांनी पहिले महत्त्वाचे काम केले. १९३७ मध्ये त्यांनी दाखवले की डोंगर, खडकांच्या घड्या यांची छोटी प्रतिकृती प्रयोगशाळेत करायची असेल तर नुसता आकार लहान करून भागत नाही. त्या प्रमाणात पदार्थाची ताकदही कमी करावी लागते. म्हणजे आपल्याला अतिशय टणक वाटणारे खडक पृथ्वीच्या मापाने बघितले तर मऊ चिखलासारखे वागतात. पुढे १९४५ मध्ये त्यांनी हिशेब मांडला की अख्खे टेक्सास राज्य एकसंध शिळेसारखे उचलू गेले तर ते आपल्याच वजनाने कोसळेल. टेक्सासच्या माणसाने टेक्सासबद्दल असे म्हणायला धाडस लागते! १९३७ च्या या कामावरच त्यांना शिकागोची पीएच.डी. मिळाली. १९३८ मध्ये मिरियम ग्रॅडी बेरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

आता आमच्या फंक्शनकडे वळू. १९४० मध्ये हबर्ट यांनी भूजलाच्या हालचालीवर सुमारे १६० पानांचा एक निबंध प्रसिद्ध केला. निबंध कसला, ग्रंथच तो! त्या वेळी पाणी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहते, असे सर्रास मानले जात असे. ऐकायला बरोबर वाटते ना? मग एक प्रयोग करा. बादली पाण्याने भरून ठेवा. तळाशी दाब जास्त आहे, वर कमी. तरी तळाचे पाणी आपोआप वर उसळत नाही. आपल्याकडच्या सोसायटीच्या गच्चीवरची टाकी आठवा. टाकीत पाण्याचा दाब कमी, तळमजल्याच्या नळात जास्त. तरी पाणी टाकीतून नळाकडे येते. म्हणजे एकटा दाब दिशा ठरवत नाही. उंचीमुळे मिळालेली ऊर्जा आणि दाबामुळे मिळालेली ऊर्जा यांची बेरीज करायची आणि ही बेरीज जिकडे कमी, तिकडे द्रव जातो. हबर्ट यांनी या बेरजेला पोटेन्शियल म्हटले. हेन्री दार्सी या फ्रेंच इंजिनिअरने १८५६ मध्ये दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम करताना वाळूतून पाणी किती वेगाने झिरपते याचा नियम मांडला होता. त्या नियमाच्या मुळाशी नेमके काय आहे, हे हबर्ट यांनी पायापासून उलगडून दाखवले.

१९४३ मध्ये ते ह्यूस्टनला शेल कंपनीत आले. पुढची एकवीस वर्षे त्यांचा मुक्काम तिथेच होता आणि तिथल्या संशोधन प्रयोगशाळेचे ते एक कर्तेधर्ते झाले. आपल्या गावात, आपण रोज ज्या फ्रीवेवर अडकून पडतो त्याच्या आसपासच, तेलाच्या प्रवासाचे गणित पक्के झाले, हे आम्हाला तरी माहीत नव्हते.

हा प्रवास आहे तरी कसा? पुष्कळांना वाटते की जमिनीखाली तेलाचे तळे असते आणि त्यात नळी खुपसली की झाले. तसे तळेबिळे काही नसते. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी सूक्ष्म जीव आणि शेवाळ गाळाबरोबर पुरले गेले. त्यावर थरावर थर चढत गेले. गाळाच्या खडकांनी भरलेल्या अशा प्रचंड खोलगट भागाला आमच्या धंद्यात बेसिन म्हणतात. थर जसजसे खाली दबले तसतसे ते तापले. साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे बऱ्याच ठिकाणी दोन ते चार किलोमीटर खोलीवर, त्या सेंद्रिय मालाचे तेल होते. याहून जास्त शिजले की गॅस होतो. कुकरची शिट्टी मोजण्यासारखेच आहे हे, फक्त एकेका शिट्टीला लाखो वर्षे लागतात.

तेल तयार झाले तरी ते जन्मले त्या खडकात, म्हणजे बारीक कणांच्या शेलमध्ये, कोंडलेले असते. तिथे दाब वाढतो आणि काही तेल पिळून बाहेर पडते. हा स्थलांतराचा पहिला टप्पा. मग त्याला वाळूचा किंवा चुनखडीचा एखादा सच्छिद्र थर सापडतो. या थरातली भोके आधीच खाऱ्या पाण्याने भरलेली असतात. तेल पाण्याहून हलके, त्यामुळे मिसळीच्या कटावर तर्री येते तसे ते भोकाभोकातून वर सरकू लागते. हा दुसरा टप्पा. काही ठिकाणी हा प्रवास थोडक्यात आटोपतो, तर कॅनडातल्या अथाबास्काच्या तेलकट वाळूपर्यंत पोचलेले तेल शंभर किलोमीटरहून जास्त चालले आहे. वाटेत वर घट्ट खडकाचे छप्पर लागले तर तेल थांबते. त्या छपराची भोके इतकी बारीक असतात की तेलाच्या थेंबाला आत शिरण्यापुरता जोर मिळत नाही. छप्पर घुमटासारखे असेल तर तेल त्याखाली साठते. छप्पर मिळालेच नाही, तर ते जमिनीवर येऊन वाया जाते. तयार झालेल्या तेलातले बरेचसे कधी कुठे साठतच नाही.

मुंबई हायचे उदाहरण आपल्या ओळखीचे. १९७४ मध्ये सागर सम्राट या जहाजाने मुंबईच्या पश्चिमेला अरबी समुद्रात तेल शोधले. तिथले तेल चुनखडीच्या खडकात आहे, वर शेलचे छप्पर आहे. लहानपणी शाळेच्या पुस्तकात सागर सम्राटचे चित्र असे, पण समुद्राखालच्या त्या उंचवट्यात तेल बाहेरून चालत आले असेल, हे आमच्या कधी डोक्यातच आले नाही.

घुमटाखाली तेल साठते हे हबर्ट यांच्या आधीही ठाऊक होते. एकोणिसाव्या शतकापासून भूगर्भशास्त्रज्ञ घुमट शोधत आणि त्याच्या माथ्यावर विहीर खणत. बऱ्याचदा तेल लागे, पण काही वेळा घुमट अगदी देखणा आणि आत नुसते पाणी! तर काही ठिकाणी तेल सापडे, पण माथ्यावर न सापडता एका बाजूच्या उतारावर सरकलेले असे. वायोमिंगमधल्या बिगहॉर्न खोऱ्यात तर तेल आणि पाणी यांच्यामधली सीमा चक्क तिरकी होती. बशीतल्या आमटीवरचा तेलाचा तवंग तिरका उभा राहावा, तसा हा प्रकार.

१९५३ मध्ये हबर्ट यांनी याचा उलगडा केला. सगळे जण गृहीत धरत होते की खडकातले पाणी स्थिर आहे. हबर्ट म्हणाले की ते वाहत असते. डोंगरावर पाऊस आणि बर्फ पडते, ते पाणी उघड्या थरांतून आत शिरते आणि खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाकडे हळूहळू जात राहते. म्हणजे तेलावर दोन ओढी आहेत : एक वर तरंगण्याची, दुसरी वाहत्या पाण्याबरोबर जाण्याची. दोन्ही एकत्र केल्या की तेल-पाण्याची सीमा कलते. किती कलते, त्याचे सूत्र इतके सोपे आहे की बारावीच्या मुलाला करता यावे. पाण्याची घनता भागिले पाणी आणि तेल यांच्या घनतेतला फरक, गुणिले पाण्याच्या पातळीचा उतार. पाण्याची घनता १ आणि तेलाची ०.९ धरली तर गुणक येतो १०. म्हणजे पाण्याची पातळी किलोमीटरला १ मीटर उतरत असेल तर तेलाची सीमा किलोमीटरला १० मीटर कलणार! प्रवाहाच्या दिशेचा घुमटाचा उतार याहून कमी असेल तर तेल धुऊन पुढे जाते आणि मागे पाणी उरते. गॅस मात्र फारच हलका. त्याची घनता ०.२ धरली तर त्याची सीमा सव्वा मीटरच कलते, म्हणून ज्या घुमटातून तेल निघून गेले तिथे गॅस टिकून राहू शकतो. उलट, जिथे घुमट धड नाही, नुसती पायरी आहे, तिथे उताराकडे वाहणारे पाणी तेलाला रोखून धरू शकते. एकाच खोऱ्यात पाणी, तेल आणि गॅस तिघांच्या वाटा तीन, आणि आमच्या फंक्शनला घनता का द्यावी लागते ते आम्हाला इतक्या वर्षांनी कळले!

हबर्ट यांचे घरगुती साहित्यातले प्रयोगही मजेदार आहेत. खडक फोडण्यासाठी विहिरीत जोराने द्रव सोडण्याची पद्धत, जिला आज आपण फ्रॅकिंग म्हणतो, तेव्हा नवी होती. अनेकांना वाटे की भेगा थरांच्या मधून आडव्या पडतात. १९५७ मध्ये हबर्ट आणि डेव्हिड विलिस यांनी जेलीसारख्या जिलेटिनमध्ये पातळ प्लास्टर ऑफ पॅरिस दाबाने सोडून दाखवले की भेग तिथल्या सर्वांत कमी दाबाच्या दिशेला काटकोनात उघडते. म्हणजे खोलवर ती बहुतेक उभी असते. १९५९ मध्ये विल्यम रूबी यांच्याबरोबर त्यांनी आणखी एक कोडे सोडवले. कित्येक किलोमीटर लांबीच्या खडकांच्या लाद्या न मोडता दुसऱ्या खडकांवरून सरकतात कशा? उत्तर होते भोकांत अडकलेल्या द्रवाचा दाब. तो लादीचे बरेचसे वजन उचलून धरतो. पटवून द्यायला त्यांनी बिअरचा रिकामा थंडगार डबा ओल्या काचेवर पालथा ठेवला. आतली हवा तापून फुगली की डबा अंशभराच्या उतारावरही घसरू लागे. हा प्रयोग आपल्या पिकनिकला करून बघायला हरकत नाही!

हे खेळणे वाटले तरी त्यामागे गंभीर गोष्ट होती. १९६० च्या दशकात डेन्व्हरजवळ एका लष्करी कारखान्याचे सांडपाणी खोल विहिरीत सोडू लागल्यावर भूकंपांचे धक्के बसू लागले. कारण तेच, द्रवाचा दाब वाढून भेगेतली पकड सुटली. ओक्लाहोमात सप्टेंबर २०१६ मध्ये ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला, तोही तेलविहिरींचे खारे पाणी खोल जमिनीत सोडण्याशी जोडला गेला.

एवढे सगळे करूनही हबर्ट यांचे नाव जगाला ठाऊक झाले ते एका आलेखामुळे. मार्च १९५६ मध्ये सॅन अँटोनियो इथे तेल उद्योगाच्या परिषदेत त्यांनी एक घंटेच्या आकाराची वक्ररेषा मांडली. तेल मर्यादित आहे, म्हणजे उत्पादन शून्यापासून चढणार, माथ्यावर पोचणार आणि उतरणार. अलास्का वगळता अमेरिकेतून एकूण १५० अब्ज बॅरल तेल निघणार असेल तर माथा १९६५ च्या सुमारास, आणि २०० अब्ज धरले तरी १९७० च्या सुमारास. भाषणाच्या काही मिनिटे आधी मुख्य कचेरीतून फोन आला आणि हा भाग जरा सौम्य करण्याची विनंती झाली, असे त्यांनी नंतर सांगितले. त्यांनी ती मानली नाही.

कल्पना करा मंडळी, पगार तेल कंपनीचा, समोर बसलेले सगळे तेलवाले आणि हे गृहस्थ त्यांना सांगताहेत की चौदा वर्षांत उतरण लागेल! हसणारे हसले, चिडणारे चिडले. १९६४ मध्ये शेलमधून निवृत्त होऊन ते अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यात गेले, तर तिथे त्यांच्याच खात्याचा अंदाज होता ५९० अब्ज बॅरलचा. व्हिन्सेंट मॅकेल्वी हे तिथले वरिष्ठ, पुढे संचालक झाले. दोघांचे वर्षानुवर्षे वाजत राहिले. हबर्ट स्वभावाने तिखट होते. चुकीचे गणित दिसले की समोरच्याचा मुलाहिजा ठेवत नसत. त्यामुळे मित्र कमी आणि विरोधक जास्त.

१९७० मध्ये अमेरिकेचे उत्पादन दिवसाला सुमारे ९६ लाख बॅरलवर पोचले आणि उतरू लागले. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखले, पंपांवर गाड्यांच्या रांगा लागल्या आणि वेड्यात काढलेला माणूस एकदम द्रष्टा ठरला. १९७६ मध्ये ते सर्वेक्षण खात्यातून निवृत्त झाले. १९८१ मध्ये भूविज्ञानातला मानाचा वेटलसेन पुरस्कार मिळाला. १९५६ मध्ये त्यांची भिस्त अणुऊर्जेवर होती. उत्तरायुष्यात ती सूर्यावर आली. ११ ऑक्टोबर १९८९ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, मेरीलँडमधल्या बेथेस्डा इथे त्यांचे निधन झाले.

गोष्ट इथे संपली असती तर छान झाले असते. पण २००८ च्या सुमारास ५० लाखांवर आलेले अमेरिकेचे उत्पादन पुन्हा चढू लागले. २०१८ मध्ये त्याने १९७० चा विक्रम मोडला आणि २०२३ मध्ये ते दिवसाला सुमारे १२९ लाख बॅरलवर गेले. घंटेला दुसरी घंटा फुटली! जगाचा माथा २००० च्या सुमारास, वर्षाला साडेबारा अब्ज बॅरलवर येईल, हा त्यांचा अंदाजही चुकला; त्या वर्षी जगाने त्याच्या दुपटीहून जास्त तेल काढले.

हे नवे तेल आले कुठून? जे तेल प्रवासाला निघालेच नव्हते, जन्मलेल्या शेलमध्येच अडकून राहिले होते, ते आडव्या विहिरी खणून आणि खडक फोडून बाहेर काढले गेले. आणि खडक फुटतो कसा, ते शास्त्र कुणी मांडले होते? १९५७ मध्ये, जिलेटिनच्या गोळ्यात, हबर्ट यांनीच! त्यांच्या एका कामाने त्यांच्या दुसऱ्या कामाचे भाकीत उलटवले. आम्ही हे वाचले तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि सौ.ला उठवून सांगण्याचा मोह आम्ही कसाबसा आवरला.

आम्हाला यात एक मोठी शिकवण दिसते. हबर्ट यांचा आलेख एका गृहीत आकड्यावर उभा होता, आणि तो आकडा किती धरला हे त्यांनी लपवले नाही. १५० धरले तर हे, २०० धरले तर ते, असे सरळ मांडले. म्हणून ते कुठे बरोबर होते आणि कुठे चुकले, हे आज आपण बोट ठेवून दाखवू शकतो. त्यांचा पोटेन्शियलचा नियम मात्र आकड्यावर उभा नव्हता, तो निसर्गावर उभा होता. तो काल खरा होता, आज खरा आहे आणि आमच्या कोडमध्ये रोज लाखो वेळा चालतो. तेलाचा भाव उणे झाला त्या दिवशीही तो बिनचूक चालला होता.

तर काका, तुमच्या प्रश्नाचे उत्तर आता देतो, उशिराबद्दल क्षमस्व. तेल किती वर्षे पुरेल याची तारीख आम्ही सांगणार नाही. हबर्ट यांच्यासारख्या माणसाला जे साधले नाही, ते महाप्रसादाच्या रांगेत आम्हाला काय साधणार! पण मुलाला एवढे जरूर सांगा. तेलाची नोकरी भावाबरोबर वरखाली होणार, दर काही वर्षांनी माणसे घरी बसणार, हे गृहीत धरूनच या क्षेत्रात ये. आणि शिकायचेच असेल तर खडकातून द्रव कसे वाहतात ते मुळापासून शिक. ते गणित विहिरीच्या पाण्याला लागते, जमिनीतली उष्णता काढायला लागते, भूकंप टाळायला लागते. नॉर्वेच्या समुद्रात स्लाइपनर इथे १९९६ पासून कार्बन डायऑक्साइड वाळूच्या थरात साठवायला सुरुवात झाली. तोही तेलासारखाच पाण्यातून वर सरकतो आणि त्यालाही घट्ट छप्पर लागते. ज्या शास्त्राने तेल बाहेर काढले, त्याच शास्त्राने उद्या धूर परत जमिनीत कोंडता येईल.

आणि मंडळी, शेवटी मनातले एक. तेलासारखेच आपणही जन्मलेल्या जागेतून निघालो, वाट मिळाली तसे सरकलो आणि छप्पर मिळाले तिथे थांबलो. आमचा मित्र पुण्याला परतला, तोही एका उणे भावाच्या वाहत्या पाण्याने. आता तो तिकडे भूजलाचे मॉडेलिंग करतो आणि मजेत आहे. त्याच्या कोडमध्येही तेच फंक्शन आहे, हे त्याने आम्हाला मागच्याच महिन्यात फोनवर सांगितले. सोफा मात्र परत मागू नकोस, असे आम्ही त्याला बजावले आहे.

पुढच्या गणपतीत रांगेत भेटूच. कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपलेच,
एक ह्यूस्टनकर संगणकवाले